आई, आज तुम्ही मला टोचला नाही

हॉस्पिटलात कुणी किस्से गोळा करायला जात नाही. पण सुनेबरोबर लीड्समध्ये इतक्या खेपा झाल्या, की रिपोर्टांपेक्षा किस्सेच जास्त साठले.

सून म्हणजे रिया. इथेच जन्मलेली. मराठी हौसेने बोलते, पण भात ‘झाली’ आणि आमटी ‘झाला’. मी सुधारते, ती “सॉरी आई” म्हणते, आणि पुन्हा तेच.

दोनदा तिचं बाळ राहिलं नाही. टेस्ट झाल्या. डॉक्टर म्हणाले, अँटिबॉडीज आपल्याच शरीरावर उठल्यात. रक्त चिकट होतं, गुठळ्या होतात. त्यातल्या एका टेस्टचं नाव मात्र ‘लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट’, म्हणजे गुठळ्या न होऊ देणारं! का, तर ट्यूबमध्ये रक्त उलटं वागतं. हे बारसं कुणी केलं कोण जाणे.

*

व्हायरल तापानंतरही या अँटिबॉडीज पाहुण्यांसारख्या येऊन जातात म्हणे, आणि रियाला नुकताच ताप येऊन गेलेला. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट. पण ती शिकवते नर्सरीत! तारीख जवळ आली, की एखादं पोर हिच्या तोंडावर शिंकलंच. पुन्हा ताप, पुन्हा थांबा.

*

मी गणपतीला नवस बोलले, रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत भात सोडला. रिपोर्ट आला, पॉझिटिव्हच. डॉक्टर म्हणाले, या आता बहुधा कायमच्या.

रिया माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, “आई, बाप्पाकडे रिपीट टेस्ट मागा ना.”

*

पुन्हा दिवस राहिले. आता रक्त पातळ ठेवायला अ‍ॅस्पिरिन, आणि रोज पोटात हेपरिनचं इंजेक्शन. माझा मुलगा निनाद सुई बघूनच खाली बसला. मग देवापुढे दिवा लावून मीच टोचू लागले.

एकदा पुण्याची बहीण फोनवर असताना रिया आतून ओरडली, “आई, आज तुम्ही मला टोचला नाही!”

बहिणीने हळूच विचारलं, “रोज टोचतेस तिला?”

“डॉक्टरांनीच सांगितलंय,” मी म्हटलं.

*

विसाव्या आठवड्याचा स्कॅन. इथवर आम्ही कधी पोचलोच नव्हतो. निनाद पार्किंग शोधत फिरतोय, म्हणून आत मी. डोळे मिटून अथर्वशीर्ष पुटपुटत होते. स्कॅन करणारी बाई रियाशी हळू आवाजात काहीतरी बोलली. रियाने माझा हात घट्ट धरला.

“आई, बघा. हलली.”

डोळे उघडायच्या आधीच सवयीने माझ्या तोंडून गेलं, “हललं म्हणावं, रिया. बाळ हललं.”

“नाही आई,” ती रडत रडत हसली, “या वेळी माझं बरोबर आहे.”