अक्काची सावली आणि भिंतीलगतचा प्रोजेक्टर

आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगितली जाते आणि ती खोटी आहे. म्हणे, थोरल्या बहिणीचे गुडघे दुखतात, तिला घरात वाकून चालावं लागू नये, म्हणून या माणसाने चांगला चालू असलेला प्रोजेक्टर काढला आणि भिंतीलगत ठेवायचा नवा आणला. ही गोष्ट मी पसरवली नाही. पण कोणी ती सांगायला लागलं की मी मान खाली घालून चहा ढवळत बसायचो, साखर कधीच विरघळलेली असूनही. खरं काय ते सांगायचं मी काही वर्षं टाळलं. ते ऐकून जिने माझ्यावर रागवायला हवं होतं, ती आता उरली नाही, तेव्हा मला धीर आला आहे. माझा धीर हा असा.

बायको गेल्यानंतर जुईनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहायचो, मी आणि माझी थोरली बहीण, अक्का. लग्नानंतर वर्षाच्या आत तिचा नवरा अपघातात गेला होता. तिला माहेरी आणायला वडिलांबरोबर मीही गेलो होतो. कॉलेजात होतो, अंगात रग होती. "हिचा पायगुणच तसा," असं तिची सासू माझ्यासमोर म्हणाली आणि मी त्यांच्या ओटीवर उभा राहून असा आरडाओरडा केला की शेजारीपाजारी गोळा झाले. त्या एका भांडणाच्या जोरावर मी पुढे जन्मभर स्वतःला सुधारक समजत आलो. बेलापूरच्या सरकारी कचेरीत असताना जेवणाच्या सुट्टीत ते भांडण मी कितीतरी जणांना ऐकवलं. दर वेळी त्यातला माझा आवाज थोडा वाढत गेला.

निवृत्तीनंतर मी पहिला प्रोजेक्टर घेतला. तो हॉलच्या मागच्या टोकाला, जेवणाच्या टेबलावर ठेवायचा आणि पार समोरच्या भिंतीवर चित्र पाडायचं. अडचण एवढीच, की स्वयंपाकघराचं दार बरोबर मध्ये उघडायचं. अक्का बाहेर आली की भिंतीवर तिची सावली, अंबाड्यासकट. मी ओरडायचो, "अक्का, खाली!" मग ती पदर सावरून कंबरेत वाकायची आणि हातातल्या ताटलीसकट हॉल ओलांडायची.

"स्वतःच्या घरात चोरासारखं चालायचं मेलं," ती पुटपुटायची. मला त्याची मजा वाटायची.

एका अंतिम सामन्याला सोसायटीतली मंडळी आमच्याकडे जमली. पडदे ओढले, गाद्या टाकल्या. अक्का आत बटाटेवडे तळत होती. वड्यांची परात घेऊन ती बाहेर आली. जड परात घेऊन वाकता येईना. तिची सावली थेट खेळपट्टीवर पडली आणि आपला जमलेला फलंदाज त्रिफळाचीत झाला. थोड्या वेळाने ती चटणी घेऊन आली आणि दुसरा धावबाद झाला.

खालच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "अक्का, तुम्ही नक्की कुणाच्या टीममध्ये?"

सगळे हसले. अक्काही हसली. तिथेच थांबता आलं असतं. पण मला खरोखरच टेन्शन आलं होतं. विज्ञानाचा पदवीधर, ओटीवरचा वीर, मी म्हणालो, "अक्का, तू आत बस बघू. तुझा पायगुणच तसा."

बाकी कोणाला त्यात काही वाटलं नाही. त्यांना काय ठाऊक? अक्काने चटणीची वाटी खाली ठेवली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. आणि मग माझं नशीब बघा, आपण जिंकलो. हरलो असतो तर निदान माझं म्हणणं खोटं तरी पडलं असतं. वकिलांनी माझी पाठ थोपटली, "काका, अक्कांना आत बसवलंत, काम झालं!" मी त्यांना पेढा भरवला.

पुढच्या सामन्याच्या वेळी नाणेफेकीआधीच अक्का उठली.

"मी आत बसते. तुम्ही निवांत बघा."

"अगं, बस की इथे."

"नको रे. उगाच तुला टेन्शन."

माफी मागायला फार शब्द लागत नाहीत. ते निघेनात, म्हणून मी अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर आणला. हे यंत्र भिंतीपासून वीतभर अंतरावर, बुटक्या कपाटावर बसतं आणि खालून वर चित्र फेकतं. मध्ये कोणी येऊच शकत नाही, त्यामुळे सावलीचा प्रश्न मिटतो. पण ते भिंतीची सगळी अब्रू काढतं. इतकी वर्षं सपाट वाटलेली आमची भिंत पोट सुटलेली निघाली. गोलंदाजाला कुबड आलं, यष्ट्या वाकड्या झाल्या. मी खुर्चीवर चढून खोलगट जागी पुट्टी भरली, काचकागदाने घासली आणि घरभर पांढरी धूळ केली. अक्का ती मुकाट्याने पुसत राहिली. शेवटी चित्र सरळ झालं. मी तिला हाक मारून, विजयी मुद्रेने सांगितलं, "बघ अक्का, आता तुझी सावलीच पडणार नाही."

आपण काय बोललो हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. ती फक्त "बरं झालं" म्हणाली होती.

मग ती चांगली गोष्ट पसरली. दिवाळे गावाहून मासे घेऊन येणारी कोळीण दारात बसून अक्काला म्हणाली, "तुजा भाऊ बरा हाय गो. तुज्यासाठी येवरी मोटी मशीन आनली." अक्का म्हणाली, "हो ना. गुणाचा आहे." मी आतून ऐकलं आणि पापलेट छान आहे म्हणालो.

दसऱ्याला अक्का घरातल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावायची: मिक्सर, इस्त्री, माझी स्कूटर. त्या वर्षी दसऱ्याला दुपारी सामना होता आणि मंडळी जमलेली. ती तबक घेऊन बाहेर आली, प्रोजेक्टरपाशी गेली, कुंकवाचं बोट लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं, आणि भिंत काळी झाली.

अक्का मागे सरली. चेहरा उतरलेला. "बघ. म्हणून मी पुढे येत नव्हते."

ती बाजूला झाली तरी चित्र येईना. मला कारण माहीत होतं. जवळ कोणी आलं तर डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून यंत्र आपला उजेड आवरतं. त्याच्या सेन्सरसमोर झेंडू बसला होता. मी फूल उचललं, चित्र आलं. मग माझं डोकं पुढे नेलं, पुन्हा काळोख. "बघ, अक्का, माझ्या डोक्यानेही अंधार होतो."

"ते मला लहानपणापासून माहीत आहे," अक्का म्हणाली. सगळे खो खो हसले. तीही हसली.

तीच वेळ होती. फूल माझ्या हातात, ती समोर. मी म्हणालो, "अक्का, त्या दिवशी मी..."

"काय?"

"हे फूल जरा बाजूला ठेवू ना?"

"ठेव की. विचारतोस काय!"

ती सोफ्याच्या कडेला टेकली. थोड्या वेळाने आपला एक गडी बाद झाला. अक्का उठली, पदर सावरला, कंबरेत वाकली आणि तशीच वाकून, जिथे आता सावली पडतच नव्हती तिथून, आत निघून गेली. "अगं, वाकू नकोस," एवढंच मी म्हणालो. तेही तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

गेल्या वर्षी अक्का गेली. माफीचा मसुदा मी मनात इतक्यांदा दुरुस्त केला होता की त्याला कचेरीतल्या टिपणाचा वास येऊ लागला होता. एकदा तर त्यात 'सदर प्रसंगी' आलं. राहिला आहे तो एवढा: अक्का, त्या अंतिम सामन्यातला पहिला फलंदाज आत येणाऱ्या चेंडूवर आडवी बॅट घालायला गेला म्हणून बाद झाला. दुसऱ्याला त्याच्या जोडीदाराने चुकीची हाक दिली. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तुझ्या सासरच्या ओटीवर ज्या शब्दासाठी मी भांडलो, तो आपल्या घरात, चार लोकांसमोर, मीच तुला लावला. माझं चुकलं.