फिन्स पारखणारा मोची

खाडीत बुडी मारून जेटीचे खांब तपासणं हे माझं काम. ओहोटीच्या ओढीत वेग यावा म्हणून मी पोहताना पायात घालायचे लांब पात्याचे फिन्स घेतले आणि महिन्यात एकाचा पट्टा तुटला. रोहा स्टेशनबाहेरच्या म्हाताऱ्या मोच्यानं सायकलच्या ट्यूबचा पट्टा बसवून दिला. मग फिन्स मला घालायला लावून त्यानं एक पातं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"मी पाणी हाय. मारा लाथ."

वडिलांच्या वयाचा माणूस. माझा पाय उचलेना.

"मारा हो! खाडी काय वय बघते?"

मारली. पातं जागचं हललं नाही, माझा गुडघा तेवढा वाकला.

"तुमच्या पायाला हे झेपत नाय. आखूड घ्या."

आखूड घेतले. आता ओढ वाढली की मी घाबरत नाही. तोच पातं धरून बसलाय असं समजतो आणि वय न बघता लाथ मारतो.