अडखळणाऱ्यांची यादी

मी पनवेलमध्ये वाढलो आणि मला ‘पनवेल’ म्हणता येत नाही. ‘प’ला ओठ मिटतात ते मिटलेलेच राहतात. कंडक्टरला मी वर्षानुवर्षं ‘लास्ट’ एवढंच सांगत आलो. पनवेलच्या पुढे जाणारी गाडी आली की ती सोडून द्यायचो.

नवीन पनवेलात एका बाईंकडे आम्ही सात जण दर रविवारी बोलायचा सराव करायला जमायचो. सगळेच तोतरे. कुणी पहिल्या अक्षरावर अडकायचं, कुणी मधल्या. पुढे बाईंच्या नवऱ्याची बदली झाली आणि वर्ग बंद पडला. शेवटच्या दिवशी मी एका जुन्या फाइलच्या पाठीवर सगळ्यांचे ईमेल पत्ते लिहून घेतले. फोन नंबर कुणीच कुणाला मागितला नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप काढू असंही कुणी म्हटलं नाही. ग्रुप झाला की कुणीतरी आवाज रेकॉर्ड करून पाठवणार, ही भीती प्रत्येकाच्या मनात होती.

पुढच्या गुरुवारी मी सगळ्यांना एकदम पहिलं पत्र पाठवलं. बँकेत स्वतःचं नाव सांगताना माझी काय अवस्था झाली, ते लिहिलं होतं. संध्याकाळी एकाचं उत्तर आलं: “तुम्ही सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दाखवलेत. माझ्या ऑफिसात हे कुणाला माहीत नाही. माझं नाव काढा.” मी माफी मागितली. त्याने पुन्हा कधी लिहिलं नाही. सातातला एक पहिल्याच दिवशी माझ्या चुकीने गेला.

मग मी नीट शिकलो. असली पत्रं पाठवायची एक सोय इंटरनेटवर फुकट मिळते, ती घेतली. एका पानाची वेबसाइट केली आणि खाली पत्ता भरायची चौकट ठेवली. नावाची चौकटही ठेवा, वाचकाला नावाने हाक मारली की तो टिकतो, असा सल्ला होता. ती मी काढून टाकली. आम्हा लोकांना जगात सगळ्यांत कठीण काय असेल तर स्वतःचं नाव. ते लपवता येत नाही, बदलता येत नाही, आणि समोरचा ते लगेच मागतो. माझ्या यादीत आजही कुणाचं नाव नाही, नुसते पत्ते आहेत.

यादी फार हळू वाढली. महिन्याला दोन, कधी एक, कधी एकही नाही. दर गुरुवारी पत्र जायचं आणि त्याच्या शेवटी मी एक प्रश्न विचारायचो. या आठवड्यात कुठला शब्द टाळलात? तुमच्या वतीने घरात कोण बोलतं? जे उत्तर येईल त्याला त्याच दिवशी उलट लिहायचो. कळंबोलीतल्या एका गोदामात ट्रकची कागदपत्रं बघायचं माझं काम. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खायचा आणि दुसऱ्या हाताने उत्तरं लिहायची, असं चालायचं. कुणी यादीतून बाहेर पडलं की दिवसभर करमायचं नाही. आपण कुठे कमी पडलो, ते शोधत बसायचो.

मोऱ्याचा माणूस याच सुमाराला आला. मोरा म्हणजे उरणचं बंदर, तिथून मुंबईला लाँच सुटतात. तो तिथे तिकिटं द्यायचा आणि आता निवृत्त झाला होता. त्याच्या पोरीने मोबाइलवर ईमेल काढून दिला होता. तो बोलत असावा तसंच लिहायचा.

“आमी चालीस वरसं खिडकीच्या मागं बसलो. लोकं बोलाची, दोन द्या, तीन द्या. आमी तिकीट फाडाचो. मना कुनी बोलायला लावलाच नाय. येवढी चांगली नोकरी दुनियेत नाय.”

प्रत्येक पत्राला त्याचं उत्तर यायचं. ‘घरात तुमच्या वतीने कोण बोलतं’ याला त्याने लिहिलं होतं: “बायको बोलाची. दुकानात, दवाखान्यात, सोयऱ्यांत, सगलीकडं तीच. ती गेली तवापासून माजा तोंड बंद हाय.”

मी एका पत्रात वाक्य कापून बोलायची रीत सांगितली होती. वाक्य लिहायचं, जिथे श्वास घ्यायचा तिथे उभी रेघ मारायची आणि रेघ आली की थांबायचं. त्याने कळवलं की तो रोज सकाळी जेट्टीच्या टोकाला जाऊन समुद्राला वाक्यं वाचून दाखवतो.

नंतर मी फोनच्या भीतीवर लिहिलं. त्या पत्राखाली माझा नंबर दिला आणि लिहिलं: “फोनची सवय करायची असेल तर मला करा. बोलता आलं नाही तरी चालेल. मी थांबेन. मी फोन ठेवणार नाही.” हे वाक्य सगळ्यांना फार आवडलं. त्या आठवड्यात नवे नऊ जण यादीत आले. मीही खूश होतो.

काही महिन्यांनी एका सकाळी गोदामात गोंधळ होता. एका ट्रकचे कागद चुकले होते, ड्रायव्हर तावातावाने बोलत होता आणि साहेब माझ्या टेबलाशी उभे होते. अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे काहीच नाही. मी दोनदा हॅलो म्हटलं आणि ठेवला. पुन्हा आला. या वेळी घशातून काहीतरी निसटल्यासारखा आवाज आला, मला वाटलं नेटवर्क जातंय. ठेवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी म्हणालो, “कोण आहे? बोलायचं नसेल तर फोन कशाला करता?”

आणि कापला.

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आहे. दुकानदारांनी, पाहुण्यांनी, एकदा खुद्द माझ्या वडिलांनी ते मला ऐकवलं आहे. आणि त्या सकाळी ते माझ्या तोंडून एकदाही न अडकता बाहेर पडलं. रागात आम्हाला शब्द सरळ येतात.

संध्याकाळपर्यंत मी ते विसरूनही गेलो.

मोऱ्याची उत्तरं थांबली. माझ्या लक्षात आलं, पण मी विचारलं नाही. माणसं लिहायची थांबतात, यादी सांभाळणाऱ्याला त्याची सवय होते. मग एका सकाळी त्याच पत्त्यावरून पत्र आलं, पण भाषा वेगळी होती.

“मी त्यांची मुलगी. बाबा दोन महिन्यांपूर्वी गेले. हार्ट अटॅक आला. तुमची पत्रं अजून येतात. त्याआधी माझ्या लग्नात त्यांनी तुमची वाट बघितली. बाबांनी तुम्हाला फोनवर आवतण दिलं होतं, कामात अडकला असाल. कधी इकडे आलात तर घरी या.”

त्याची उत्तरं कधी थांबली ती तारीख काढली, फोनमधला त्या सुमाराचा अनोळखी नंबर शोधला. तीन फोन, चार मिनिटांच्या आत.

येतो असं तिला कळवून पुढच्या रविवारी मी उरणच्या एसटीत बसलो. गव्हाण फाट्याला कंटेनरच्या रांगेत गाडी अर्धा तास अडकली. तेवढ्या वेळात मी वाक्य जुळवलं: तो फोन मी कापला, मला माफ करा. रेघा मारूनच जुळवलं.

मुलगी लग्नानंतर उलव्याला राहते. बापाचं घर आवरायला ती आली होती. दोन खोल्या, दारात सुकत टाकलेलं जुनं जाळं. तिने पाणी दिलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “तुमाला म्हाईत नाय, तुमच्यामुलं काय झालं ते.”

मी पेला खाली ठेवला.

“बाबांनी कुनाला कदी फोन केला नाय. आईच करायची. माझ्या लग्नाचं आवतण द्यायला पन काकाच फिरले. पन तुमचं आवतण, बाबा बोलले, मीच देनार. पत्रात नाय लिवनार, तोंडानं देनार. सकाली जेट्टीवर गेले. परत आले ते हसतच. मना सांगितलं, सगला बोललो, एकदाबी अडकलो नाय.”

तिचे डोळे भरले होते आणि चेहरा हसरा होता.

“लग्नात सगल्यांना मी तेच सांगत होते. माझे बाबा फोनवर बोलले म्हनून.”

मग तिने एक वही आणली. त्यातलं एक पान काढून माझ्यापुढे ठेवलं. मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं आणि मध्ये मध्ये लाल पेनाने उभ्या रेघा होत्या.

“हेच बोलले ना?”

बसमध्ये जुळवलेलं वाक्य घशात होतं. मी ते म्हटलं असतं तर माझं ओझं उतरलं असतं आणि तिच्या हातातली ती एक सकाळ गेली असती. त्याने ती पोरीसाठी रचली होती. मला आणि स्वतःलाही झाकलं होतं. ती मोडायचा मला काय हक्क होता? आजही मला नक्की सांगता येत नाही की मी तिच्यासाठी गप्प बसलो की घाबरून.

“हो,” मी म्हणालो. “हेच.”

“कसं बोलले ते जरा वाचून दाखवा ना.”

मी वाचायला लागलो. “मी मोऱ्याचा | तिकीटवाला बोलतो. माज्या पोरीचा | लगीन हाय. तुमी दोन दिस आधी या. पनवेलशी...”

तिथे माझे ओठ मिटले. मान ताणली गेली, पाय आपोआप जमिनीवर आपटायला लागला. मी खाली बघत होतो. तिने शब्द पुरा करून दिला नाही, घड्याळाकडे बघितलं नाही, सावकाश बोला असंही म्हणाली नाही. बापाच्या हाताखाली वाढलेली पोर ती. हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. “...पनवेलशी गाडी हाय. जेट्टीवर उतरा | न माजा नाव सांगा. कुनीबी घर दाखवल.”

पानावर शेवटी त्याचं नाव होतं. त्याच्या प्रत्येक अक्षरानंतर रेघ होती.

तिने मला बोंबलाची चटणी आणि भाकरी वाढली. मी जेवलो. गव्हाण फाट्यापर्यंत सोडायला तिचा नवरा आला, तो वाटभर नव्या विमानतळाविषयी बोलत होता.

बापाचा पत्ता तिने यादीतून काढू दिला नाही. “मी वाचते,” म्हणाली. ती दर गुरुवारी पत्र उघडते, ते मला दिसतं. त्यामुळे मी यादीला हे कधीच सांगू शकलो नाही. त्यानंतर सहा महिने मी फोनविषयी एक अक्षर लिहिलं नाही. दोघा-तिघांनी विचारलं, मी विषय बदलला. काही जण कंटाळून गेले असतील.

गेल्या महिन्यात तिचं उत्तर आलं. तिला दिवस गेले आहेत. आजोबांचं हे अडखळणं नातवाला येतं का, असं विचारलं होतं. मी दोन दिवस घेतले आणि खरं तेच लिहिलं: येऊ शकतं. कदाचित येणारही नाही. आलं तर मला कळवा, लहानपणी काय करायचं असतं ते मी सांगेन.

तिने लिहिलं, “आलं तरी चालेल.”