कॅचरचा खांदा

कॅलोवे कॅटफिश या आमच्या बेसबॉल संघानं अर्विन बॉमगार्टनरचं ऐकलं असतं, तर दर वर्षी करंडक गावातच राहिला असता. पण ऐकतो कोण! जुलै लागला, निम्मा हंगाम सरला, संघ खालून दुसरा, आणि मॅनेजर सँडोव्हल अजूनही त्याच त्या पोरांना आलटून पालटून उभं करतोय. अर्विनचा जीव नुसता तळमळायचा. चेंडू टाकणारा डावखुरा पिचर गुणी आहे, पण चौथ्या डावात धापा टाकतो. तिसऱ्या बेसवरचा पोरगा चेंडू अडवतो कमी आणि केस सावरतो जास्त. बाहेरच्या मैदानात उभा केलेला तो लंबूटांग तर उंच चेंडू आला की आधी आभाळाकडं बघून तोंड वासतो. एवढं सगळं अर्विनला घरच्या ओट्यावर बसून दिसत होतं, आणि पगार घेणाऱ्या मॅनेजरला दिसत नव्हतं!

अर्विननं सगळं आयुष्य शाळेची बस चालवली. गावातल्या निम्म्या लोकांना त्यानं लहानपणी "खिडकीतून हात आत घे रे" म्हणून दम दिलेला. निवृत्त झाला तरी दम द्यायची सवय काही सुटली नाही. आता तो दर बुधवारी दुपारी गावच्या रेडिओवर फोन करायचा. चक व्होल्कमनचा कॅटफिशवर गप्पांचा कार्यक्रम असायचा, त्यात लोक फोन करून आपापली मतं मांडायचे. अर्विन आपलं नाव सांगायचा नाही. "एल्म स्ट्रीटवरचा एक चाहता बोलतोय," असं घसा खाकरून म्हणायचा. आणि चक लगेच म्हणायचा, "बोल अर्विन."

त्याचा खरा दुश्मन म्हणजे फ्लॉइड टेग्टमायर, आमचा न्हावी. फ्लॉइडच्या दुकानात बुधवारी रेडिओ मोठ्यानं लावलेला असायचा, गिऱ्हाइकं केस कापून झाले तरी उठायची नाहीत, आणि अर्विनचं बोलणं संपलं रे संपलं की फ्लॉइड कात्री ठेवून फोन उचलायचा. त्या दोघांचं हे भांडण ऐकायला शेतातली माणसं ट्रॅक्टर थांबवायची.

आता एक सांगायला हवं. आमची लीग छोटी. पोरांच्या पगारात भाड्याची खोली परवडत नाही, म्हणून उन्हाळाभर त्यांना गावातली घरं ठेवून घेतात. अर्विनच्या तळघरातल्या खोलीत कोल्बी रेनफ्रो राहायचा. संघाचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागं उकिडवं बसून चेंडू झेलणारा, ओक्लाहोमाचा. त्याचा हा दुसरा उन्हाळा. वय असं होतं की वरच्या संघातून आता बोलावणं येणार नाही हे त्यालाही माहीत होतं, पण तो त्याबद्दल रडायचा नाही. अर्विनला 'सर' म्हणायचा, त्याच्या बायकोला, लव्हर्नला, 'मॅडम'. जेवण झालं की स्वतःची ताटली धुवायचा, आणि लव्हर्न नको नको म्हणत असताना अर्विनचीही धुवायचा. या नवराबायकोला मूल नव्हतं. त्याबद्दल ती दोघं कधी बोलत नसत, पण पहिल्या उन्हाळ्यानंतर तळघरातली खोली लव्हर्ननं पुन्हा कधी 'पाहुण्यांची खोली' म्हटली नाही. कोल्बीची खोली, असंच म्हणायची.

जूनमध्ये एकदा दुपारी जेवताना कोल्बीनं आइस टीचा जग उचलायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. मग डाव्या हातानं उचलला.

"काय झालं रे?" लव्हर्ननं विचारलं.

"काही नाही, मॅडम."

"काही नाही कसं? शर्ट काढ बघू."

खांदा सुजून टम्म झालेला. लव्हर्ननं फ्रीजरमधली मटारची पिशवी काढली, फडक्यात गुंडाळली आणि त्याच्या खांद्यावर ठेवली. पोरानं डोळे मिटून घेतले.

"अरे गाढवा, डॉक्टरला दाखव की," अर्विन म्हणाला.

"सर, डॉक्टर थांब म्हणेल. सँडोव्हलसाहेबांना कळलं तर त्याच दिवशी माझं सामान बाहेर. ऑगस्टपर्यंत कसंतरी ढकलतो. ऑगस्टमध्ये बाबा येणार आहेत."

कोल्बीचा बाप ट्रक चालवायचा. पोरगा शाळेत असताना त्यानं त्याचा खेळ पाहिला होता, त्यानंतर जमलंच नाही. या वर्षी कधी नव्हे ती रजा मिळाली होती. लव्हर्ननं तर त्यांच्या झोपण्याची सोयही ठरवून टाकली होती, आणि आखूड सोफ्यावर माणूस मावेल का म्हणून अर्विनला त्यावर आडवं करून पाहिलं होतं.

"तुम्ही दोघांनी कुणाला बोलू नका, एवढंच," कोल्बी म्हणाला.

"कुणाला म्हणजे? माझ्या तोंडाला कुलूप!" अर्विननं छातीवर हात ठेवला. आणि तेव्हा तो अगदी मनापासून बोलत होता, हे मी पैजेवर सांगेन.

मग रोजची ती रीतच झाली. मैदानावरून आला की कोल्बी ओट्यावर बसायचा, खांद्यावर मटार. अर्विन शेजारी मक्याची कणसं सोलत बसायचा आणि संघ कसा चालवावा ते सांगायचा. "खरंय, सर," कोल्बी म्हणायचा. अर्विनचं एवढं कुणी कधीच ऐकलं नव्हतं.

पण खांदा कुठं लपतो? समोरच्या संघाचा गडी पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पोचला की खुशाल दुसऱ्या बेसकडं धावायचा. त्याला तिथं बाद करायचं तर कॅचरनं उकिडव्यानं उठून चेंडू सणकन फेकायला हवा. कोल्बीचा चेंडू पोचेपर्यंत तो गडी बेसवर उभा राहून पँटची माती झटकत असायचा. हे गावाला दिसत होतं. का होतंय, ते मात्र अर्विनच्या घरातल्या तिघांनाच माहीत होतं.

जुलैतल्या एका बुधवारी अर्विन रेडिओच्या फोनवर पिचरांना झोडत होता. ते चेंडू सोडायला वेळ लावतात म्हणून समोरचे पळतात, असं त्याचं म्हणणं. खरं तर तो कोल्बीला पाठीशी घालत होता, म्हणजे सुरुवात चांगली होती. तेवढ्यात चकनं फ्लॉइडलाही दुसऱ्या लाइनवर घेतलं.

"अर्विन," फ्लॉइड म्हणाला, आणि मागं दुकानातली माणसं खिदळताना ऐकू आली, "तुला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पिचर ठीक आहेत. तुझा तो कॅचर आळशी आहे. पण तू कसा बोलशील? तुझ्या घरचं खातो ना तो! तू आपला बसचा गिअर टाक."

दुकानात हशा पिकला. सगळ्या गावानं तो ऐकला.

"आळशी?" अर्विनचे कान तापले. "मला शिकवतोस? तुला काय माहीत रे, कात्रीवाल्या? माझ्या घरात राहतो तो, मला माहीत आहे! खांदा गेलाय त्याचा! जून महिन्यापासून गेलाय! रोज मटारची पिशवी बांधून बसतो, साधा चहाचा जग उचलता येत नाही! आता बोल! कुणाला कळतं बेसबॉल?"

दुकानातलं हसणं थांबलं. चकनं घसा साफ केला आणि म्हणाला, "बरं... जाहिरातीनंतर भेटू या."

अर्विननं फोन ठेवला. जिंकल्याची ऊब अजून छातीत होती. मग त्यानं वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात लव्हर्न उभी होती, हातात श्रावणघेवड्याच्या शेंगांची चाळणी. मागं तिचा छोटा रेडिओ खताची जाहिरात करत होता.

"लव्हर्न, ते मी..."

"मला नको सांगूस," ती म्हणाली आणि आत जाऊन शेंगा मोडू लागली.

मैदानावर कॅटफिशच्या पोरांची कपडे बदलायची खोली होती, तिथंही रेडिओ होता. संघाबद्दल गाव काय बोलतं ते ऐकून हसायला पोरं तो बुधवारी मुद्दाम लावायची.

संध्याकाळी कोल्बी नेहमीसारखा जेवायला आला. लव्हर्ननं त्याच्या आवडीचं चिकन तळलं होतं. तो "मस्त झालंय, मॅडम" म्हणाला. अर्विन घास चिवडत बसला. आता बोलेल, मग बोलेल, शिव्या देईल, ताटली आपटेल, याची तो वाट बघत होता. आपटली असती तर बरं झालं असतं. पोरानं उठून दोन्ही ताटल्या धुतल्या आणि खाली गेला. त्या दिवशी त्यानं मटारची पिशवी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी संघाच्या डॉक्टरनं त्याला तपासलं, आणि दुपारी सँडोव्हलनं त्याला संघातून मोकळं केलं.

सामान होतं कितीसं! अर्विननं धडपडत बॅग उचलली आणि गाडीपर्यंत नेली. लव्हर्ननं सँडविचेस बांधून दिली होती. ती कोल्बीच्या गळ्यात पडून रडली आणि घरात निघून गेली. अंगणात दोघंच उरले.

"कोल्बी," अर्विन म्हणाला. बस चालवताना मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज, आणि आता हातभर अंतरावरच्या माणसापर्यंत पोचेना. "मला... बोलायचं नव्हतं रे."

"माहीत आहे, सर." कोल्बी गाडीच्या टपाकडं बघत होता. "डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर फेकलं असतं तर हात कायमचा गेला असता. म्हणजे तसं बरंच झालं."

"तुझे बाबा..."

"सांगतो त्यांना. रजा आहे तर मासे पकडायला जाऊ कुठंतरी."

उजवा हात वर होत नव्हता म्हणून त्यानं डावा पुढं केला. अर्विननं तो दोन्ही हातांत धरला. मग गाडी गेली.

आता खरी गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली, शिक्षाच. संघानं दुसरा कॅचर आणला, ट्रेंट ओस्बोर्न नावाचा. त्याचा चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा. समोरचे गडी पळायचे बंद झाले, पिचरांना धीर आला, आणि कॅटफिश जिंकायला लागले. खालून दुसरा संघ वरून तिसरा झाला. आणि गावानं त्याचं श्रेय कुणाला द्यावं? अर्विनला! पोस्टात लोक पाठीवर थाप मारायचे. "शेवटी तुझंच ऐकावं लागलं सँडोव्हलला!" खुद्द सँडोव्हलनं मैदानावर टोपीला हात लावून त्याला मान दिला. आणि फ्लॉइडनं भर दुकानात खुर्ची झटकली. "बस, अर्विन. मानलं तुला. वर पोराचा हातही वाचवलास."

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते सगळं अर्विनच्या पुढ्यात आलं, आणि त्याला ते गिळवेना. पोराचा हात वाचवायला तो बोलला नव्हता. संघासाठीही बोलला नव्हता. फ्लॉइडची जिरवायला बोलला होता. हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि लव्हर्नला माहीत होतं, आणि ओक्लाहोमात एका ट्रक ड्रायव्हरच्या पोराला माहीत होतं. "केस कापायचे नाहीत आज," एवढंच तो फ्लॉइडला म्हणाला आणि बाहेर पडला. बुधवारी त्यानं रेडिओला फोन केला नाही. चकनंच त्याला फोन केला, तेव्हा त्यानं उचलला नाही.

तेवढ्यात पोरांची घरं ठरवणारी ग्लेन्डा दारात आली. "लव्हर्न, तुमची खोली रिकामीच आहे ना? ट्रेंट अजून मोटेलमध्येच राहतोय बिचारा."

लव्हर्ननं अर्विनकडं पाहिलं. अर्विननं बुटांकडं पाहिलं. "येऊ दे त्याला," लव्हर्न म्हणाली. "त्याचा काय दोष?"

ट्रेंट बडबड्या, हसरा पोरगा. पहिल्याच दिवशी जेवायला लव्हर्ननं नूडल्स, मासळी आणि मटार घालून ओव्हनमधला पदार्थ केला होता. ते मटार त्याच पिशवीतले होते की काय, हे विचारायचं धाडस अर्विनला झालं नाही. लव्हर्न बर्फ आणायला आत गेली, तसा ट्रेंट टेबलावर पुढं झुकला आणि हळूच म्हणाला, "सर, एक सांगू? आपल्या दोघांतच ठेवायचं पण."

अर्विननं काटा खाली ठेवला.

"मला नको सांगूस," तो म्हणाला. "जे काय असेल ते लव्हर्नला सांग. पोरा, मला काहीही सांगू नकोस. माझ्या पोटात राहत नाही. तुझ्याआधी इथं जो होता ना, त्याचं मी... मला नकोच सांगूस."

ट्रेंटचं हसू मावळलं. तो गोंधळून बघत राहिला. "नाही हो सर, तसं मोठं काही नाही. मला मटार चालत नाहीत, बस. मॅडमनी एवढं प्रेमानं केलंय, त्यांना वाईट वाटेल म्हणून म्हटलं..."

आतून बर्फ फोडल्याचा आवाज येत होता. अर्विननं पोराची ताटली ओढली, चमच्यानं मटार वेचून वेचून आपल्या ताटलीत घेतले आणि ताटली परत सरकवली. लव्हर्न जग घेऊन आली आणि उभीच राहिली.

"अर्विन, तुझ्या ताटात एवढे मटार कुठून आले?"

"आवडले मला," अर्विन म्हणाला, आणि मान वर न करता त्यानं ते एकेक करून सगळे संपवले.