तुरटी फिरवलेलं पाणी

मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत बाटल्या धुते. लोक तपासायला पाणी आणतात, तपासणी झाली की त्या बाटल्या माझ्याकडे येतात. आधी साबण, मग नळाचं पाणी, मग मशीनचं शुद्ध पाणी, मग ओव्हन. हे काम मला आवडतं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. चौथीपर्यंत शिकलेय. नाव लिहिता येतं, मराठी वाचता येतं. इंग्रजी फॉर्मवर कुठे सही करायची ते खुणेवरून कळतं.

माझी मोठी बहीण गावाकडे असते. त्यांच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर एक कारखाना आहे. तिथे मक्यापासून आणि तांदळाच्या कण्यांपासून स्पिरिट काढतात, ते पेट्रोलमध्ये मिसळायला जातं. आमच्या घाटकोपरच्या पंपावर तसं लिहिलेलंही आहे. मी रोज त्या पंपावरून जायचे, पण त्या तेलाचा आणि ताईच्या घागरीचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या केमिस्ट. त्या म्हणाल्या, "अगं, मक्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, आंबवायचं, मग वाफेवर स्पिरिट काढायचं. वाफेला पाणी, ती थंड करायला पाणी. आणि स्पिरिट गेल्यावर उरतं ते काळपट पाणी. ते नीट साफ करून परत वापरलं तर ठीक, नाहीतर जमिनीत मुरतं."

ताईच्या वस्तीला एकच बोअर. कारखान्याने खोल बोअर मारल्यापासून तो खोकायला लागला, म्हणजे आधी नुसती हवा, मग थोडं पाणी, मग परत हवा. आणि जे पाणी येई ते लालसर. कारखान्याला आता मोठं व्हायचं होतं, आणखी दोन बोअर हवे होते. त्यासाठी शनिवारी गावात सरकारी साहेबांपुढे जनसुनावणी ठेवलेली. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने कागद घेऊन यावं, असं सांगितलं होतं. वस्तीकडे कागद कुठून येणार? म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा मॅडमकडे काहीतरी मागितलं. त्या म्हणाल्या, "आण पाणी. बघते."

सोमवारी ताईने खाजगी बसने बाटली पाठवली. मॅडमनी फॉर्म भरला. भरताना विचारलं, "पाण्यावर काही केलेलं नाही ना? जसंच्या तसं आहे ना?" मी मान हलवली. ताईला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेही सुचलं नाही. आणणाऱ्याच्या जागी मी माझं नाव लिहिलं.

बुधवारी रिपोर्ट आला. मॅडम म्हणाल्या, "रंग नाही, वास नाही. सल्फेट तेवढं जरा जास्त आहे, पण चालण्यासारखं आहे. तुझी बहीण उगाच घाबरली." मला वाटलं, चला, बरं झालं. फोटो काढून ताईला पाठवला. तिला इंग्रजी येत नाही. तिने तो नेऊन सरपंचांना दाखवला.

गुरुवारी सकाळी आमच्याकडे पाणी आलं होतं. मी पिंप भरत होते, तेवढ्यात ताईचा फोन आला.

"बारके, काय केलंस गं तू? सरपंच म्हणतोय, तुमच्याच बहिणीच्या लॅबनं लिहून दिलंय, पाणी चांगलं हाय. शनिवारी माईकवर वाचणार म्हणतो. कारखान्याची माणसं हसायला लागली आमाला."

"पण ताई, पाणी चांगलंच निघालं."

"तुझ्या मशीनला डोळं हायेत का? बादलीचा तळ दिसत नाही इथं!"

"बाटलीतलं तर स्वच्छ दिसत होतं. मी बघितलं ना."

"दिसणारच की. रातभर तुरटी फिरवून ठेवली होती. सकाळी वरचं वरचं घेतलं, दोन पदरी धोतरातून गाळलं. बाटली राखेनं घासली."

माझ्या हातातला पाइप पिंपाबाहेर गेला, पाणी गल्लीत वाहायला लागलं. शेजारीण ओरडली, "ए, लक्ष कुठंय तुझं? वाट लावलीस पाण्याची!"

"ताई, तू पाणी साफ करून पाठवलंस?"

"मग? तुझ्या हापिसात घाण पाणी पाठवू? साहेब लोक बघणार. आधीच आपल्या वस्तीचं पाणी. काय म्हणतील तुला?"

मी रागावू शकले नाही. आईने आम्हा दोघींना हेच शिकवलं होतं. कुणी दारात येऊन पाणी मागितलं, तर तांब्या घासायचा, पाणी गाळायचं, मगच द्यायचं. आमच्या हातचं पाणी लोक पितील की नाही याची आईला खात्री नसायची. म्हणून निदान पाण्याला नाव ठेवायला जागा राहू नये, असं तिचं होतं. ताईच्या जागी मी असते, तर मीही तुरटी फिरवली असती.

मेट्रोत मला बसायला जागा मिळाली, पण बसवलं नाही. एकच विचार चालला होता. मॅडमना सांगितलं, तर मी खोटी मान हलवली हे उघड होणार. लॅबच्या मोठ्या सरांपर्यंत जाणार. दुसऱ्याला नोकरीवर ठेवायला त्यांना किती वेळ लागेल? आणि नाही सांगितलं, तर शनिवारी माझ्या नावाचा कागद माईकवर वाचला जाणार, आणि त्या कागदाच्या जोरावर बोअर मारले जाणार.

लॅबमध्ये मॅडम एकट्या होत्या. मी दाराशी उभी राहिले. त्यांनी वर न बघता विचारलं, "काय गं, बाटल्या संपल्या?"

"मॅडम, ते पाणी... त्यात तुरटी होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काय होती?"

"बहिणीने फिरवली. गाळलंही. मी तिला विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नुसती मान हलवली."

त्यांनी फाईल ओढली, पान काढलं. "तरीच सल्फेट. तुरटीतलं सल्फेट ते." आणि मग आवाज चढला. "तुला कळतंय का काय झालंय? लॅबचा शिक्का आहे त्याच्यावर! उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू, की आमच्या बाईंनी मान हलवली?"

मी म्हटलं, "मला काढा हवं तर. पण शनिवारच्या आधी काहीतरी करा." एवढं लांब वाक्य मी त्यांच्यापुढे कधी बोलले नव्हते.

त्यांनी कोरा कागद पुढे केला. "लिही. मराठीतच लिही. जे झालं ते."

मी लिहिलं. ‘माझ्या बहिणीने पाण्यात तुरटी फिरवली आणि गाळलं. मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही. चूक माझी आहे.’ एवढ्या चार ओळींना मला खूप वेळ लागला. मॅडम तो कागद घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेल्या. मी बेसिनपाशी जाऊन एकच बाटली पुन्हा पुन्हा धूत राहिले.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "जुना रिपोर्ट रद्द केल्याचं पत्र निघेल. तुझं काय ते सोमवारी, सर सांगतील. आता बहिणीला फोन लाव. पाणी उद्या सकाळी इथे पाहिजे, बर्फात ठेवून."

मी फोन त्यांच्यासमोरच लावला. मॅडम सांगत होत्या, मी ते ताईला सांगत होते.

"बोअर दहा मिनिटं चालू ठेवायचा, मग बाटली भरायची."

"धा मिनिटं?" ताई म्हणाली. "अगं, धा मिनिटं चालतोय कुठं तो? आणि तेवढं पाणी सोडून द्यायचं? वस्ती मारंल मला."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "सांग, आधीचं पाणी घागरीत भरा. सोडू नका. चालतंय तोवर चालू दे आणि शेवटी बाटली भर. त्याच पाण्याने विसळून. राख नाही, तुरटी नाही, कपडा नाही."

"असंच गढूळ?"

"असंच," मी म्हटलं. मोठ्या बहिणीला दरडावून बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. "ताई, तू हात जरी लावलास तर बघ."

शुक्रवारी सकाळी हायवेवर मी तासभर उभी होते. बस उशिरा आली. थर्माकोलच्या डब्यात बर्फ अर्धा वितळलेला, मध्ये बाटली. रिक्षात मी ती उजेडात धरली. कोऱ्या चहाचा रंग. हे पाणी ती माणसं पितात, आणि मी सोमवारी मान हलवली होती.

संध्याकाळी मॅडमनी जेवढ्या तपासण्या तेवढ्या वेळात होतात तेवढ्या करून रिपोर्ट दिला. बाकीचं मागून येईल असं त्यावर लिहिलं. मला एवढंच म्हणाल्या, "ताईला सांग, हे पिऊ नका." तो रिपोर्ट मी रात्रीच्या बसने ताईला पाठवला.

शनिवारी फोन कपाटावर ठेवून मी बाटल्या धुतल्या. दुपारी तो वाजला.

"झालं बाई. सरपंचानं आधी जुनाच कागद वाचला. मग मी उठले. म्हटलं, साहेब, ते पाणी मी तुरटी फिरवून पाठवलं होतं, पाहुण्याला देतात तसं. सगळी हसली. मग म्हटलं, हा दुसरा कागद, हे आमी पितो ते. मग कोण हसलं नाही."

"साहेब काय म्हणाले?"

"दोन्ही कागद लावून घेतले. म्हणाले, आमचा माणूस येऊन स्वतः पाणी भरून नेईल, तोवर बोअरचं काम नाही. पण बारके, सगळ्या गावापुढं बोलले बघ मी, आमचं पाणी घाण हाय म्हणून. आई असती तर बडवलं असतं मला."

सोमवारी सर काय सांगतील ते मला अजून कळायचं होतं.

मग ताई म्हणाली, "बरं, तो माणूस येणार मंगळवारी. चहा तर करावा लागंल त्याला. तुरटी फिरवू ना?"

"चहाला फिरव," मी म्हटलं. "बाटलीला नको."