समुद्राला चढवलेली चुनरी

बुऱ्हाणपूरच्या माणसाला नदी दिसली की त्याचे हात आपोआप जोडले जातात. आमच्या ह्यांचे तर ऑटोतून पुलावरून जातानाही जोडले जातात, मग मांडीवरची पिशवी खाली पडली तरी बेहत्तर. म्हणून ह्या वर्षी गणपती उठल्यावर आम्ही लेकीकडे निघालो, तेव्हा बॅगेच्या तळाशी काय असणार हे मी ओळखायला हवं होतं. विमानतळावर वजन जास्त भरलं, बॅग उघडावी लागली आणि माझे दोन ड्रेस बाहेर निघाले. नदीला चढवायची ती लाल चुनरी मात्र होती तिथेच राहिली.

लेक-जावई दूर समुद्रातल्या एका बेटावर असतात. जावई तिथल्या हॉटेलात शेफ आहे. लेकीला पाचवा महिना लागला होता. त्याआधी दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्यातच गेलं. दुसऱ्या वेळी ती फोनवर रडलीसुद्धा नाही, नुसती 'हं, हं' करत राहिली. त्या संध्याकाळी हे नदीवरच्या राजघाटावर गेले आणि ताप्तीमाईला नवस बोलून आले, पुढच्या खेपेला पाचवा लागू दे, लेकीचा हात लावून तुला चुनरी चढवीन.

आता लेक तिकडे आणि ताप्ती इकडे. पण ह्यांच्याकडे उत्तर तयार! "अगं, ताप्ती शेवटी जाते कुठे? समुद्रातच ना? मग तिथे चढवली तरी तिलाच पोचते." आमच्याच पॉवरलूमवर काढलेलं पॉलिस्टरचं कापड, कडेला सोनेरी गोटा, घाटावर चढवतात तशी ह्या बोटीपासून त्या बोटीपर्यंत पुरेल एवढी लांब. मी म्हटलं, चढवा बापडे. खोटं कशाला बोलू, मलाही ती चढवायलाच हवी होती. पोरीचं ह्या वेळी टिकावं, ह्यापलीकडे मला काही सुचत नव्हतं.

त्या दिवसांत तिकडच्या समुद्रात हंपबॅक व्हेल येतात. लांबच्या थंड पाण्यातले हे देवमासे पिलं घालायला उबेला येतात, असं जावई म्हणाला. लेकीनं हट्टच धरला, बघायचेच. "अगं बाई, ह्या अवस्थेत बोटीत?" तर म्हणे डॉक्टरनं परवानगी दिलीय, तू उगाच टेन्शन घेऊ नको.

बोटवाला काळासावळा, कमी बोलणारा. निघताना त्यानं जे सांगितलं ते जावयानं आम्हाला समजावलं. उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही, पाण्यात काही टाकायचं नाही. ह्यांनी मोठ्या शहाण्यासारखी मान हलवली.

बराच वेळ काही नव्हतं. वारा पडलेला, पाणी तेलासारखं सपाट. बोटवाल्यानं इंजिन बंद केलं आणि अशी शांतता झाली की मला माझंच रक्त ऐकू यायला लागलं. मग अगदी जवळ कोणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. माणसाचाच वाटावा असा, पण केवढा! सडक्या मासळीचा वास आला आणि बोटीशेजारी काळी पाठ वर आली. ती संपेचना. तिला चिकटून पोहत होतं तिचं पिल्लू.

लेकीनं माझा हात घट्ट धरला. "मम्मी, बघ ना गं, कसं आईला सोडत नाहीये." तिचे डोळे भरले होते. एवढी खुशीत मी तिला दोन वर्षांत पाहिली नव्हती.

ह्यांना ते बघून भरून आलं असणार. समोर लेकुरवाळी आई, पोटुशी लेक शेजारी, भोवती समुद्र. ह्यांनी पिशवीतून चुनरी काढली. जावई घाईनं कुजबुजला, "पप्पा, नको. काही टाकू नका म्हणालाय तो."

"अरे, कचरा टाकू नका म्हणालाय," हे म्हणाले. "हा काय कचरा आहे?"

आमच्याकडे खरंच कोणी चुनरीला कचरा म्हणत नाही. घाटावर कितीही पाट्या लावा, नारळ, फुलं, चुनरी म्हणजे टाकणं नव्हेच. लेकीनंही हात लावला. पप्पांचं मन राखायला लावला असेल, की तिलाही भीती होती, कोण जाणे. टोकाला नारळ बांधलेला होता. बोटवाला पुढच्या बाजूला पाठमोरा. त्यानं वळून पाहिलं तोवर चुनरी पाण्यावर लांबच लांब पसरली होती.

पिल्लू तिच्याकडे आलं. लेकरूच ते, नवं काही दिसलं की बघायला येणारच. नाक लावलं, खालून गेलं, अंगावर घेतलं, आणि गर्रकन वळलं. कापड त्याच्या पंखाला गुंडाळलं, तोंडावरून गेलं. त्यानं झटका दिला तसं ते आणखी आवळलं. आमचं कापड सहजासहजी फाटत नाही, ह्याचा ह्यांना केवढा अभिमान! पिल्लू खाली गेलं. त्याच्यामागून लाल पट्टा आत आत जात राहिला आणि दिसेनासा झाला.

आई बोटीखालून गेली. बोट उचलल्यासारखी हलली. मग ती लांबवर वर आली आणि शेपटी पाण्यावर आपटायला लागली, पुन्हा पुन्हा. बोटवाला ओरडत होता, वायरलेसवर कोणाशी तरी बोलत होता. ह्यांचा चेहरा पांढराफटक. मला त्यांना फाडून खावंसं वाटत होतं. पण लेकीनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते आणि ती त्या पाण्याकडे बघत होती, म्हणून मी आधी तिला जवळ ओढलं.

घरी पोचलो आणि तिला रक्त दिसलं. थोडंसंच, पण दिसलं. तसेच गाडीतून दवाखाना गाठला. डॉक्टरनं पोटावर यंत्र फिरवलं. मग तो आवाज आला, धडधड, धडधड, एकसारखा. डॉक्टर हसून म्हणाली, बाळ छान आहे, आराम करा. हे बाहेर बाकावर बसून लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाला बोटवाल्याचा फोन आला. अडकलेल्या देवमाशांची सुटका करणारी माणसं पहाटेच शोधायला गेली होती. त्यांना आई दिसली. त्याच जागी, त्याच पाण्यात. एकटीच. जावयानं हे हळूच सांगितलं, तरी आतल्या खोलीत लेकीनं ऐकलं.

मी चहा घेऊन गेले तर ती छताकडे बघत पडली होती. म्हणाली, "मम्मी, तिचं गेलं म्हणून माझं राहिलं, असं तर नाही ना?"

"डोकं फिरलंय का तुझं?" मी तिच्यावर खेकसले. "असं काही नसतं. गुमान चहा पी." तिचं पांघरूण सारखं केलं आणि खिडकीशी गेले, तिला माझं तोंड दिसू नये म्हणून. समोर तो समुद्र होता. मनातल्या मनात म्हटलं, तसं असेल तर असू दे. माझ्या लेकीचं राहू दे.