घाट जमला की

माझी पोलकी शिवणारी धाड गावची बाई चाळिशीची आहे. तिला समुद्र बघायचाय, पण एसटीत बसलं की तिला उलटी होते. म्हणून तिनं टप्पे पाडलेत. लिंबू न हुंगता बुलढाणा झालं, आता घाट उतरून मलकापूर. माप घेतानाही तेच, “आजी, घाट जमला की समुंदर काय दूर हाय?”

तिच्या वयात मी काश्मीरसाठी स्वेटर विणला, जाणं राहिलंच, आणि मिरवला शेगावात, भर मे महिन्यात. तरी मी तिला हसतेच.

परवा सोबत गेले. घाटात तिचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात शेजारच्या पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या. हिनं आपली खिडकी तिला दिली अन् मलकापूरपर्यंत तिचं डोकं धरून बसली. “भेऊ नको माय, वळणं सरून राह्यली.”

उतरल्यावर मी विचारलं, “तुले काऊन नाही झाली वं उलटी?”

ती थबकली. “अव्वो! मी तं इसरलीच!”

लगेच रिक्षावाल्याला विचारू लागली, “भाऊ, रेल्वे टेसन कोणीकडं हाय?”

“आजच निघाली का काय वं?” मी घाबरलेच.

“नाही आजी. पाहून तं ठेवू.”